पेशी नुसत्या चिकटतात की त्यांना काही कळतेही? : पेशी-आसंजन आणि भ्रूणीय मूलपेशींचे भवितव्य यांचा इतिहास



पेशी-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत तुम्ही कधी गेला असाल, तर तिथे एक बाटली नक्की पाहिली असेल. तिच्यावर ‘ट्रिप्सिन-ईडीटीए’ असे लिहिलेले असते. बशीच्या तळाला आणि एकमेकींना चिकटून वाढलेल्या पेशी सुट्या करायच्या असल्या, की हे द्रावण त्यांच्यावर घालतात. काही मिनिटांत पेशी गोल होतात, तळ सोडतात आणि नव्या बशीत टाकता येतात. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर आहे आणि ईडीटीए हे कॅल्शियम धरून ठेवणारे रसायन आहे. ही दोन एकत्र का वापरायची, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कृती पाठ असते, एवढेच.

या साध्या प्रश्नामागे शतकभराचा इतिहास आहे आणि तोच आपल्या आजच्या पाठाचा विषय आहे. पेशी एकमेकींना चिकटण्याच्या क्रियेला ‘आसंजन’ म्हणतात. आपण मुख्यतः एकच प्रश्न विचारणार आहोत : आसंजन ही फक्त बांधणी आहे का? भिंतीतल्या विटेला शेजारची वीट कोणती आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. पेशीचेही तसेच असते, की शेजारणीला धरल्यामुळे तिला काही ‘कळते’, आणि त्या कळण्यावर ती पुढे कोण होणार हे ठरते?

हा प्रश्न भ्रूणीय मूलपेशींच्या बाबतीत सर्वांत धारदार होतो. या पेशींना शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनता येते. म्हणजे त्यांचे भवितव्य अजून ठरलेले नसते. ते कशाने ठरते, हे पाहायला यांच्याइतके योग्य साधन दुसरे नाही.

१. सुट्या केलेल्या पेशी पुन्हा जमतात

१९०० साली कुर्ट हर्ब्स्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने सागरी अर्चिनची भ्रूणे कॅल्शियम नसलेल्या समुद्रपाण्यात ठेवली. भ्रूणातील पेशी एकमेकींपासून सुटल्या. कॅल्शियम परत मिळाले की त्या पुन्हा चिकटत. पेशींना धरून ठेवण्यात कॅल्शियमचा काहीतरी हात आहे, एवढे यातून समजले. तो हात नेमका कुठे आहे, हे कळायला पुढची ७७ वर्षे लागली.

१९०७ साली अमेरिकेतील हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनी जिवंत स्पंजाचे तुकडे बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढले. खालच्या पाण्यात सुट्या पेशी आणि त्यांचे लहान पुंजके पडले. त्या पेशी सरपटत एकत्र आल्या, त्यांचे गोळे झाले आणि काही दिवसांत त्या गोळ्यांतून पुन्हा चालता-बोलता स्पंज तयार झाला. शरीर मोडून पेशींचा ढीग केला तरी शरीराची रचना पूर्ण हरवत नाही. ती परत उभी करण्याची काही ओळख पेशींपाशीच असते.

ही ओळख मणक्याच्या प्राण्यांतही असते का? योहानेस होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणांवर काम करून १९३९ साली ‘ऊतींची आपुलकी’ ही कल्पना मांडली. काही ऊती एकमेकींना धरतात, काही दूर सारतात. पुढे अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात फिलिप टाउन्स यांच्यासह १९५५ साली त्यांनी या विषयातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केला. द्रावण अल्कधर्मी करून त्यांनी भ्रूणाच्या पेशी सुट्या केल्या. मग त्वचा बनणाऱ्या, मध्यस्तराच्या आणि चेतासंस्था बनणाऱ्या पेशींची सरमिसळ केली. सुरुवातीला सगळा गोंधळ होता. काही तासांनी मात्र पेशी आपापल्या जातीच्या पेशी शोधू लागल्या. शेवटी त्वचेच्या पेशी बाहेर, चेतापेशी आत आणि मध्यस्तर त्यांच्यामध्ये अशी मांडणी झाली. भ्रूणात त्यांची जागा हीच असते!

या प्रयोगातील एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. इथे पेशींचे भवितव्य आधीच ठरलेले होते. आसंजनाने फक्त त्यांची जागा ठरवली. त्यामुळे बराच काळ विचारांची दिशा एकच राहिली : आधी भवितव्य, मग त्यानुसार चिकटणे. बाण उलट दिशेनेही जाऊ शकतो, हे तेव्हा फारसे कोणाच्या डोक्यात नव्हते.

२. ‘कोणते’ की ‘किती’?

१९५२ साली ॲरॉन मोस्कोना यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊती ट्रिप्सिनने सुट्या करण्याची पद्धत रूढ केली. आपल्या बाटलीतील अर्धा भाग इथून आला, असे म्हणायला हरकत नाही. १९५७ साली त्यांनी कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणपेशी एकत्र केल्या. पेशींनी प्राणी पाहिला नाही, ऊती पाहिली : दोन्ही प्राण्यांच्या कूर्चापेशी मिळून एकच कूर्चा तयार झाली. मोस्कोनांचे मत असे झाले, की प्रत्येक ऊतीच्या पेशीवर तिची खास ओळख सांगणारे रेणू असावेत.

माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे उत्तर दिले. तेल आणि पाणी हलवून ठेवले की ते आपोआप वेगळे होतात. त्यासाठी तेलाच्या थेंबांना एकमेकांची ‘ओळख’ असावी लागत नाही. पेशींचेही तसेच असू शकते. ज्या पेशी एकमेकींना अधिक घट्ट धरतात त्या आत जातात, कमी घट्ट धरणाऱ्या बाहेर पसरतात. याला ‘भेददर्शी आसंजन परिकल्पना’ म्हणतात.

म्हणजे वाद असा होता : पेशीवर *कोणता* रेणू आहे हे महत्त्वाचे, की *किती* आहे हे? रेणूच हाती नसल्यामुळे हा वाद वर्षानुवर्षे तर्कानेच चालला. तुम्ही विज्ञानाचा इतिहास वाचाल तेव्हा हे वारंवार दिसेल. कल्पना दोन्ही बाजूंना चांगल्या असतात. निकाल मात्र पदार्थ हाती येईपर्यंत लागत नाही.

३. बाल्टिमोरची बाटली

मासातोशी ताकेइची हे जपानमधील क्योतो विद्यापीठात पेशी कशा जमतात याचा अभ्यास करत होते. १९७०च्या दशकात ते काही काळ अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात काम करायला गेले. तिथे एक अडचण उभी राहिली. क्योतोत ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी झटपट पुन्हा जमत असत. बाल्टिमोरमध्ये तसाच प्रयोग केला तर पेशी जमेनात.

अशा वेळी आपण काय करतो? बहुधा ‘काहीतरी चुकले’ म्हणून प्रयोग पुन्हा करतो आणि जुळेल तो निकाल ठेवतो. ताकेइचींनी दोन्हीकडच्या कृती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. फरक सापडला : बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए घातलेले होते, क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये नव्हते.

या एका फरकातून त्यांनी पुढचा तर्क बांधला. पेशीपृष्ठावर एक असे प्रथिन असले पाहिजे, जे कॅल्शियम असताना ट्रिप्सिनपासून सुरक्षित राहते. कॅल्शियम काढून घेतले की त्याचा आकार बदलतो आणि ट्रिप्सिन त्याचे तुकडे करते. ते प्रथिन गेले की पेशी जमत नाहीत. १९७७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पेशींपाशी धरण्याच्या दोन यंत्रणा आहेत, एक कॅल्शियमवर अवलंबून असलेली आणि दुसरी नसलेली, असे त्यात स्पष्ट दाखवले होते. हर्ब्स्टच्या सागरी अर्चिनला अखेर रेणूच्या पातळीवरचे उत्तर मिळू लागले.

आता सुरुवातीचा प्रश्न सुटला. ट्रिप्सिन आणि ईडीटीए एकत्र घालतात, कारण ईडीटीए कॅल्शियम ओढून घेऊन कुलूप उघडे करते आणि ट्रिप्सिन ते तोडते.

४. अर्बुद, भ्रूण आणि प्रतिपिंड

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच वाटेने शोध चालू होता. उंदरांत टेराटोकार्सिनोमा नावाचे एक विचित्र अर्बुद होते. त्यात केस, स्नायू, कूर्चा, चेताऊती असे सगळे एकत्र सापडते. त्यातील मूळ पेशी सुरुवातीच्या भ्रूणातील पेशींसारख्या वागतात. भ्रूणातून थेट मूलपेशी काढता येत नव्हत्या, त्या काळात या अर्बुदपेशी त्यांची जागा घेत होत्या. त्यांपैकी ‘एफ-९’ ही पेशीमालिका पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

उंदराचे भ्रूण आठ पेशींचे होते, तेव्हा एक लक्षणीय बदल घडतो. तोवर द्राक्षांच्या घोसासारख्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या गोल पेशी अचानक एकमेकींना घट्ट बिलगतात, चपट्या होतात आणि त्यांच्यामधल्या सीमा दिसेनाशा होतात. याला संघनन म्हणतात. १९७७ साली रोल्फ केमलर, जाकोब आणि सहकाऱ्यांनी एफ-९ पेशींविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांचे तुकडे भ्रूणांना दिले. पेशींचे विभाजन चालू राहिले, पण संघनन झाले नाही. प्रतिपिंड धुऊन टाकल्यावर ते झाले.

ज्या प्रथिनाला प्रतिपिंड चिकटत होते त्याला पॅरिसच्या गटाने ‘युव्होमोरुलिन’ हे नाव दिले. ताकेइचींच्या गटानेही एफ-९ पेशींतूनच कॅल्शियमवर अवलंबून असलेले प्रथिन शोधले आणि १९८४ साली ‘कॅडहेरिन’ हे नाव मांडले. दोन्ही प्रथिने एकच निघाली. आज आपण त्याला ई-कॅडहेरिन म्हणतो. यातील ‘ई’ हे अभिस्तर ऊतीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. चेताऊतीतील भावंडाला एन-कॅडहेरिन म्हणतात.

१९८७ साली ताकेइचींच्या गटाने ई-कॅडहेरिनचे जनुक वेगळे केले आणि एरवी एकमेकींना न धरणाऱ्या पेशींत ते घातले. त्या पेशी एकमेकींना धरू लागल्या. पुढच्याच वर्षी वेगवेगळी कॅडहेरिने असलेल्या पेशी एकत्र केल्यावर त्या आपापल्या गटात विभागल्या गेल्या. मोस्कोनांचे म्हणणे खरे ठरले. १९९४ साली स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी मिळून दाखवले, की एकच कॅडहेरिन कमी-जास्त प्रमाणात असले तरी पेशी वेगळ्या होतात आणि जास्त असलेल्या आत जातात. स्टाइनबर्गचे म्हणणेही खरे ठरले. ‘कोणते’ आणि ‘किती’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी होती.

दरम्यान १९८१ साली केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि कॅलिफोर्नियात गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी काढून बशीत वाढवल्या. आता अर्बुदाची मध्यस्थी लागणार नव्हती.

५. एक प्रथिन, दोन नोकऱ्या

इथवर आसंजन म्हणजे धरून ठेवणेच होते. चित्र बदलले ते कॅडहेरिनच्या पेशीआतील टोकाकडे पाहिल्यावर.

१९८९ साली केमलर यांच्या गटाला त्या टोकाशी बांधलेली तीन प्रथिने सापडली. ती कॅडहेरिनला पेशीच्या आतल्या तंतूंच्या सांगाड्याशी जोडतात, म्हणून साखळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना ‘कॅटेनिन’ म्हटले गेले : अल्फा, बीटा आणि गॅमा. १९९१ साली बीटा-कॅटेनिनचा क्रम वाचला गेला आणि एक आश्चर्य समोर आले. ते फळमाशीतील ‘आर्माडिलो’ या जनुकाच्या प्रथिनासारखे होते. आर्माडिलोचा शोध मात्र वेगळ्याच क्षेत्रात लागला होता. माशीच्या अळीचे खंड नीट पडण्यासाठी जो संदेश पेशीपेशींत फिरतो, त्याच्या मार्गावरील ते एक प्रथिन होते. या मार्गाला आज आपण ‘विंट’ संदेशमार्ग म्हणतो.

म्हणजे बीटा-कॅटेनिनला दोन नोकऱ्या आहेत. पहिली पेशीपटलाशी : कॅडहेरिनला सांगाड्याशी जोडणे. दुसरी केंद्रकात : टीसीएफ नावाच्या प्रथिनांबरोबर मिळून जनुके सुरू करणे. एरवी पटलापासून सुटलेले बीटा-कॅटेनिन पेशीत टिकत नाही. जीएसके-३ हे विकर त्याच्यावर खूण करते आणि ते नष्ट होते. विंटचा संदेश आला की ही विल्हेवाट थांबते, बीटा-कॅटेनिन साठते आणि केंद्रकात जाते.

आता स्वतः विचार करा. एखाद्या पेशीत कॅडहेरिन खूप वाढवले तर काय होईल? १९९४ साली जेनेट हीसमन आणि सहकाऱ्यांनी झेनोपस बेडकाच्या भ्रूणात हेच केले. भ्रूणाची पाठीकडची बाजू नीट बनली नाही. बीटा-कॅटेनिन कमी केल्यावरही तोच परिणाम झाला. जादा कॅडहेरिनने बीटा-कॅटेनिन पटलाशी अडकवून ठेवले आणि केंद्रकापर्यंत जाऊ दिले नाही. बाण उलट दिशेने जाताना इथे स्पष्ट दिसला : धरण्याचे प्रमाण बदलले आणि पेशीचे भवितव्य बदलले.

६. मूलपेशींची साक्ष

पण इथेच एक तार्किक पेच उभा राहतो, आणि हा पाठ मी तुमच्यासमोर ठेवतो आहे तो मुख्यतः त्यासाठीच. कॅडहेरिन काढून टाकले आणि पेशीचे भवितव्य बदलले, तर त्याचे कारण काय? पेशींची पकड सुटली हे? की बीटा-कॅटेनिन मोकळे झाले हे? की शेजारीण नसल्याने तिच्याकडून मिळणारा एखादा तिसराच संदेश बंद झाला? एकच गोष्ट काढली, पण बिघडल्या तीन. निव्वळ ‘काढून पाहा’ या पद्धतीने याचे उत्तर मिळत नाही.

सुरुवात काढून पाहण्यापासूनच झाली. १९९४ साली केमलर यांच्या गटाने ई-कॅडहेरिनचे जनुक नसलेले उंदराचे भ्रूण तयार केले. आईकडून अंड्यात आलेल्या प्रथिनावर पहिले संघनन निभावले. पुढे मात्र बाहेरचा थर, म्हणजे ज्यापासून वार तयार होते तो थर, बनू शकला नाही आणि भ्रूण मेले. मेलेल्या भ्रूणाला पुढचे प्रश्न विचारता येत नाहीत. मूलपेशींना विचारता येतात, कारण ई-कॅडहेरिन नसतानाही त्या बशीत जगतात.

१९९६ साली त्याच गटाने अशा मूलपेशी घेऊन त्यांच्यापासून उंदरांत गाठी वाढवल्या. पेशींत ई-कॅडहेरिन परत घातले तर गाठीत अभिस्तर तयार झाले. त्याऐवजी एन-कॅडहेरिन घातले तर चेता-अभिस्तर आणि कूर्चा तयार झाली. दोन्ही वेळा पेशी एकमेकींना धरत होत्या. बशीत जमण्याचा दोष दोन्ही प्रथिनांनी दुरुस्त केला होता. तरीही ऊती वेगळ्या निघाल्या. शिवाय ई-कॅडहेरिन असण्या-नसण्याने ‘ब्रॅक्युरी’ या मध्यस्तराशी संबंधित जनुकाचे कामही बदलत होते. चिकटणे एवढेच महत्त्वाचे असते, तर कोणत्या प्रथिनाने चिकटवले याने फरक पडायला नको होता.

पुढील वर्षांत पुरावे वाढत गेले आणि गुंतागुंतही वाढली. उंदराच्या मूलपेशी मूलपेशी म्हणूनच राहाव्यात यासाठी माध्यमात ‘लिफ’ हे प्रथिन घालतात, हे १९८८ पासून माहीत होते. २००९ साली दिसले, की ई-कॅडहेरिन गमावलेल्या मूलपेशी लिफशिवाय टिकतात, पण त्यांना आता ॲक्टिव्हिन-नोडल या दुसऱ्या संदेशमार्गाची गरज लागते. म्हणजे आसंजन गेल्याने पेशी बहिरी झाली नाही. ती दुसऱ्याचे ऐकू लागली. २०११ साली जर्मनीतील एका गटाने दाखवले, की साध्या शरीरपेशींना बहुक्षम बनवण्याच्या यामानाका यांच्या चार घटकांपैकी ऑक्ट-४ च्या जागी ई-कॅडहेरिन वापरता येते. ऑक्ट-४ हे जनुकांवर थेट बसणारे प्रथिन आहे आणि ई-कॅडहेरिन पेशीच्या पृष्ठभागावर असते. एकाची जागा दुसऱ्याने घ्यावी, हे सहज पटण्यासारखे नाही.

पेच सोडवण्याची खरी युक्ती त्याच वर्षी, २०११ साली, व्हिएन्नातील ख्रिस्टीन हार्टमन यांच्या गटाने वापरली. त्यांनी मूलपेशींतून बीटा-कॅटेनिनच काढून टाकले. दोन्ही नोकऱ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. मूलपेशी म्हणून त्या टिकल्या. पटलाशी गॅमा-कॅटेनिनने, ज्याला प्लाकोग्लोबिन असेही म्हणतात, काही प्रमाणात काम चालवून घेतले. विभेदन सुरू झाल्यावर मात्र ही बदली पुरेशी पडली नाही. पकड सुटली आणि मध्यस्तर-अंतःस्तराच्या तसेच चेतापेशींच्या निर्मितीत दोष दिसले.

मग त्यांनी बीटा-कॅटेनिनचे एक बदललेले रूप पेशींत घातले. ते कॅडहेरिनला जोडू शकत होते, पण केंद्रकात टीसीएफबरोबर संदेशाचे काम करू शकत नव्हते. एकच नोकरी परत दिली, दुसरी दिली नाही. अंतःस्तर आणि चेता-अभिस्तर पुन्हा तयार झाले. या दोन ऊतींसाठी तरी बीटा-कॅटेनिनचे धरून ठेवणे हे त्याच्या संदेशवहनापेक्षा अधिक मोलाचे होते.

निकालापेक्षाही इथे पद्धत पाहा. ज्या प्रथिनाची दोन कामे आहेत, ते पूर्ण काढून कोणत्या कामाची गरज होती हे कळत नाही. एकेक काम वेगळे करून परत द्यावे लागते.

७. आत कोण, बाहेर कोण

भ्रूणाकडे परत जाऊ. १९६७ साली पोलंडमधील आंद्रेय तार्कोव्स्की आणि योआना व्रूब्लेव्स्का यांनी असे मांडले होते, की उंदराच्या भ्रूणात बाहेर राहिलेली पेशी वारेकडे जाते आणि आत गेलेली पेशी शरीराकडे. प्रश्न असा, की आपण आत आहोत हे पेशीला कसे कळते?

२००९ साली जपानमध्ये हिरोशी सासाकी यांच्या गटाने उत्तराचा एक मोठा तुकडा दिला. आतल्या पेशीला सर्व बाजूंनी शेजारणी असतात. तिच्यात ‘हिप्पो’ नावाचा संदेशमार्ग चालू राहतो आणि ‘याप’ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडवतो. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी असते. तिच्यात याप केंद्रकात जाते आणि वारेकडे नेणारे जनुक सुरू होते. मोकळी बाजू आणि धरलेली बाजू यांतील फरक हाच संदेश ठरतो. पुढे त्याच गटाने दाखवले, की कॅडहेरिनच्या सांध्याशी येऊन बसणारे अँजिओमोटिन हे प्रथिन या दोहोंना जोडते.

मानवी मूलपेशींनी हा धडा अधिक कठोरपणे दिला. १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी त्या प्रथम वाढवल्या, पण त्या एकेकट्या केल्या की बहुतेक मरत. एकट्या पेशीपासून वसाहत उभी राहण्याचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. २००७ साली कोबेच्या रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने ‘रॉक’ या विकराला रोखणारे औषध वापरून ते सुमारे २७ टक्क्यांवर नेले. २०१० साली कारण समोर आले : शेजारणीची पकड सुटताच पेशीच्या आतील मायोसिन बेसुमार आकुंचन पावते आणि त्यातूनच पेशीचा मृत्यू ओढवतो. उंदराच्या मूलपेशींत असे होत नाही. त्या भ्रूणाच्या अधिक सुरुवातीच्या अवस्थेशी जुळतात. म्हणजे तोच ‘शेजारीण नाही’ हा संदेश पेशीच्या अवस्थेनुसार वेगळा वाचला जातो. ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. मानवी मूलपेशी मोठ्या संख्येने वाढवणे किंवा त्यांतील एखादे जनुक बदलून एका पेशीपासून नवी मालिका करणे, हे सगळे या एका अडचणीवर अडले होते.

आणखी एक प्रयोग सांगून थांबतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मानवी मूलपेशी ठरावीक मापाच्या गोल चकत्यांवर वाढवल्या आणि सर्वांना सारखेच बीएमपी-४ हे संदेशप्रथिन दिले. संदेश सगळीकडे सारखा होता. तरी सुमारे दोन दिवसांत मध्यभागी बाह्यस्तर, त्याभोवती मध्यस्तर, मग अंतःस्तर आणि अगदी कडेला वारेच्या पेशींसारख्या पेशी अशी वर्तुळे उमटली. पुढे कळले, की मध्यभागी पेशी दाटीने सांधल्या गेल्यामुळे त्यांचे ग्राही खालच्या-बाजूच्या पृष्ठभागांवर दडतात आणि वरून येणारा संदेश त्यांना नीट ऐकू येत नाही. कडेच्या पेशींना तो ऐकू येतो. शेजारणींशी असलेल्या सांध्यांनी कोणी काय ऐकायचे हे ठरवले.

८. समारोप

या शंभर वर्षांत प्रश्नाचे रूप दोनदा बदलले. आधी विचारले गेले, पेशी पुन्हा जमतात का? मग, त्यांना कोण धरते? आणि शेवटी, धरल्यामुळे त्यांना काय कळते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज पक्की आहेत. तिसऱ्याचे उत्तर पेशीच्या अवस्थेनुसार, ऊतीनुसार आणि रेणूनुसार बदलते आहे. त्यातील काही भाग तुमच्यापैकी कोणीतरी शोधायचा आहे.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत ती बाटली हातात घ्याल, तेव्हा एवढे आठवा : आपण पेशी फक्त सुट्या करत नाही आहोत. काही काळासाठी त्यांचे एकमेकींकडून येणारे ऐकणेही बंद करतो आहोत. पेशी कधी सुट्या केल्या, किती वेळ सुट्या ठेवल्या, किती दाट पेरल्या, याची नोंद वहीत नीट करा. ताकेइचींचा शोध अशाच एका नोंदीतल्या फरकातून निघाला होता.

विचार करण्यासाठी

१. टाउन्स व होल्टफ्रेटर यांच्या प्रयोगावरून ‘आसंजन भवितव्य ठरवते’ असा निष्कर्ष का काढता येत नाही?

२. बीटा-कॅटेनिनचे दुसरे रूप घ्या : ते केंद्रकात संदेशाचे काम करते, पण कॅडहेरिनला जोडत नाही. व्हिएन्नाच्या पेशींत ते घातले तर कोणते निकाल अपेक्षित आहेत? प्रत्येक निकालाचा अर्थ काय होईल?

३. एका विद्यार्थ्याने मूलपेशी विरळ पेरल्या, दुसऱ्याने दाट. माध्यम एकच होते. दोघांना वेगवेगळ्या ऊती मिळाल्या. यामागची किमान तीन संभाव्य कारणे लिहा आणि ती वेगळी करण्यासाठी एकेक प्रयोग सुचवा.